‘कंपोस्टेबल’ कॉफी कप सोसायटीच्या खतात घ्यायचे की नाही?

खतवही (कोथरूड, पुणे)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते आहे, शेवटपर्यंत वाचून उत्तर द्यावं ही विनंती.

आमची ८४ सदनिकांची सोसायटी. ओल्या कचऱ्याचं खत २०१७ पासून आवारातच करतो. विटांचे चार हौद, पालापाचोळा, कोकोपीट आणि विरजण म्हणून आंबट ताक व जुनं खत. मी कॉलेजात ३१ वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, म्हणून निवृत्त झाल्यावर हौदांची वही माझ्याकडे आली. रोज सकाळी तापमान घ्यायचं, किती किलो आत गेलं आणि किती चाळून बाहेर आलं ते लिहायचं.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या चौकातल्या कॉफीच्या दुकानानं (मोठ्या साखळीतलं आहे, नाव देत नाही) कप बदलले. नव्या कपावर हिरवं पान आणि मोठ्या अक्षरांत ‘कंपोस्टेबल’. सोसायटीतली तरुण मुलं ते कप मोठ्या हौसेनं ओल्या कचऱ्यात टाकू लागली. मलाही फार बरं वाटलं. मीच फळ्यावर लिहिलं की हे कप ओल्यात चालतील.

जानेवारीअखेर पहिला हौद चाळायला घेतला तर चाळणीवर कपच कप. चपटे झालेले, मळलेले, पण कपच.

मग ९ फेब्रुवारीला मी रीतसर करून पाहिलं. १२ कप आणि १२ झाकणं कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरली. सहा कप अख्खे, सहा कात्रीनं कापलेले. तुलनेसाठी केळीचं पान आणि वर्तमानपत्राचा बोळा. सगळं हौद क्रमांक ३ च्या मधोमध पुरलं. चौथ्या दिवशी तापमान ५६ अंशांवर गेलं, आठ दिवस ५० च्या वर राहिलं, तिसऱ्या आठवड्यानंतर ४० च्या खाली आलं. दर पंधरवड्याला पाणी शिंपडून हौद वरखाली केला. १० मे रोजी, म्हणजे बरोबर ९० दिवसांनी, पिशवी उघडली. केळीचं पान आणि वर्तमानपत्र शोधूनही सापडलं नाही. कापलेल्या कपांचा कागद गेला होता, आतला पापुद्रा मात्र शिल्लक होता. तापवलेल्या दुधावरची साय बोटानं उचलावी तसा तो उचलला गेला. अख्ख्या कपांचे तळ जागच्या जागी. झाकणं १२ च्या १२, धुतली तर पुन्हा बसतील अशी.

जुने कप बरे होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांच्यातलं अस्तर साध्या पॉलिथिलीनचं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपांत १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं, तेव्हा त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरलेले आढळले. ते कप जायलाच हवे होते. पण आमच्या खताच्या मावशी आता दर चाळणीला दीड-दोन तास वाकून हे पापुद्रे वेचतात, ते मला बघवत नाही. मुळशीतले एक शेतकरी आमचं खत नेतात. त्यांनी मागच्या खेपेला मूठभर खत हातावर पसरून विचारलं, ‘‘ताई, यात हे प्लास्टिक कसलं?’’ मला उत्तर देता आलं नाही.

माझ्या हौदात काही कमी पडतंय का? की हे कप अशा हौदासाठी नाहीतच? आणि नसतील, तर मी लोकांना ते कुठे टाकायला सांगू?

पुठ्ठेवाला (भोसरी)

ताई, तुमचा हौद उत्तम चाललाय. मी कपाच्या कागदावर कोटिंग चढवणाऱ्या युनिटमध्ये १४ वर्षं आहे, म्हणून सांगू शकतो.

तुमचा तो पापुद्रा बहुधा पीएलएचा, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकचा. मक्यासारख्या पिकांतली साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी करतात. दह्यातलं आम्ल तेच. जिवाणूंना हे आम्ल सहज पचतं, पण लांब साखळी पचत नाही. आधी उष्णता आणि ओल यांनी तिचे तुकडे पडावे लागतात. पीएलए ६० अंशांच्या जवळपास मऊ पडतं आणि तिथे हे तुटणं वेग घेतं. चाळिशीत तेच काम अतिशय मंद चालतं. प्रमाणपत्रासाठी जी चाचणी होते तिच्यात भांडं ५८ अंशांच्या आसपास धरून ठेवतात. १८० दिवसांत त्यातल्या ९० टक्के कर्बाचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. शिवाय १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त माल उरता कामा नये. तुमच्याकडे ५० च्या वर आठ दिवस मिळाले. विटांच्या लहान हौदात याहून जास्त मिळणं अवघड, कारण ऊब धरून ठेवायला ढीगच मोठा लागतो.

झाकणाचं वेगळं. साध्या पीएलएचं झाकण कॉफीच्या वाफेनं वाकेल, म्हणून ते स्फटिकरूप करून कडक करतात. त्यात ते जाडही असतं.

कपावर बारीक अक्षरांत आयएस/आयएसओ १७०८८ (कंपोस्टेबल प्लास्टिकचं मानक) आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक आहे का, तेवढं बघा. नुसतं पान, नुसतं ‘इको’ किंवा ‘बायोडिग्रेडेबल’ छापलं असेल तर सोडून द्या. जुलै २०२२ मध्ये आपल्या राज्यानं प्लास्टिकचं कोटिंग असलेले कप बंद केले आणि त्याच वर्षाच्या शेवटी प्रमाणित कंपोस्टेबल मालाला सूट दिली. तेव्हापासून पान छापून मागणारी गिऱ्हाइकं आमच्याकडे पुष्कळ येतात. प्रमाणपत्राचं विचारलं की काही जण फोन ठेवतात.

खतवही

भिंगातून पाहिलं. १७०८८ आहे, क्रमांकही आहे. म्हणजे कप खरा आहे. मग तर जास्तच वाईट वाटतं. खरा कप, खरं प्रमाणपत्र, आणि तो ५८ अंशांत सहा महिने ठेवायला आमच्या भागात जागा कुठे आहे?

सुकाताई (येरवडा)

मी कचरावेचक बायांबरोबर नऊ वर्षं काम करते. ‘‘ओल्यात नको तर सुक्यात टाका’’ असं फळ्यावर लिहिण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या.

पुण्यात दारोदारचा कचरा बऱ्याच ठिकाणी ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या सभासद उचलतात. त्यांचं उत्पन्न दोन वाटांनी येतं: घरटी मिळणारं शुल्क आणि सुका माल भंगारात विकून मिळणारे पैसे. पुठ्ठ्याला भाव आहे, पाण्याच्या बाटलीला आहे, रद्दीला आहे. दुधाचा थर लागलेल्या, आतून कोटिंग असलेल्या कपाला आमच्या भंगारवाल्याकडे काही मिळत नाही. मग तो कप बाईनं उचलायचा, दुधाचा वास सोसत वेगळा करायचा आणि शेवटी टाकाऊ मालाच्या गाडीत द्यायचा. हे सगळं बिनपैशाचं काम. आधी कप पॉलिथिलीनचा होता, आता मक्याचा आहे, तिच्या पिशवीत फरक शून्य.

दुसरी गोष्ट थंड कॉफीच्या पारदर्शक ग्लासची. तो पीएलएचा असला तरी दिसायला हुबेहूब बाटलीच्या प्लास्टिकसारखा. बाटल्यांच्या मालात तो मिसळला की पुनर्प्रक्रियेत अख्खा माल बिघडतो. व्यापारी त्यासाठी भाव पाडतो, आणि पैसे कापले जातात ते त्या बाईचे. तुमच्या मुलांना हे नक्की सांगा. ती ऐकतील, कारण मनापासून करताहेत.

निळे डोंगर (पेनरिथ, सिडनीजवळ)

ताई, तुमचं वाचलं आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्याकडे लक्ष गेलं. आमच्या कौन्सिलनं अन्न आणि बागेचा कचरा एकत्र गोळा करायला २००९ मध्येच सुरुवात केली. तो मोठ्या प्रकल्पात जातो, म्हणजे पुठ्ठेवाल्यांनी सांगितलेली ऊब तिथे मिळते. तरीही कंपोस्टेबल कप आम्हाला हिरव्या झाकणाच्या डब्यात टाकता येत नाही! न्यू साउथ वेल्सच्या पर्यावरण प्राधिकरणानं २०२२ मध्ये स्पष्टच केलं की अन्न आणि बागेचा कचरा चालेल, कंपोस्टेबल कप-ताटल्या चालणार नाहीत. सूट आहे ती डब्यात घालायच्या प्रमाणित पिशवीला. एक कारण म्हणजे खरा-खोटा कप कचऱ्याच्या गाडीवर ओळखता येत नाही. दुसरं म्हणजे अशा काही वेष्टनांत तेल-पाणी न झिरपण्यासाठी पीफास जातीची, वर्षानुवर्षं न विघटणारी रसायनं वापरलेली असतात आणि ती खतातून शेतात जातात. तुमच्या मुळशीच्या शेतकऱ्यांचा प्रश्न इथेही तोच आहे. त्यामुळे आमचे हिरव्या पानाचे कप लाल झाकणाच्या डब्यातून भरावाला, म्हणजे कचरा जमिनीत पुरतात तिथे, जातात. तिकडे पर्थच्या राज्यात कायदा नेमका उलट, १ मार्च २०२४ पासून कॉफीचा कप कंपोस्टेबलच पाहिजे.

घरगुती खताबद्दलही एक सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं घरी खत करणाऱ्या लोकांकडून असा माल पुरून घेतला होता. ‘घरी कुजेल’ असं प्रमाणपत्र असलेल्या प्लास्टिकपैकी ६० टक्के पूर्ण विरलं नाही. निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आले. मी आता कॉफीला जाताना आईनं दिलेला झाकणाचा स्टीलचा पेला नेते. दुकानातली मुलं तो ओळखायला लागली आहेत.

काउंटरमागून (विमाननगर)

मी अशाच एका साखळीत तीन वर्षं काम केलंय, म्हणून आतली बाजू मांडतो. बसून पिणाऱ्यालाही कागदी कप का देतात? कारण सकाळी साडेआठ ते अकरा काउंटरवर दोघं असतो, आणि मग धुवायचे ते त्याच दोघांनी. चिनी मातीचे कप शेल्फवर असतात. गिऱ्हाईक मागत नाही तोवर हात कागदी कपाकडेच जातो, तो जवळ रचलेला असतो म्हणून. पण मागितला तर नाही म्हणायची आम्हाला परवानगी नव्हती, आणि मागणाऱ्याचा राग कधी आला नाही. ऑर्डर देतानाच म्हणा, ‘‘इथेच बसणार आहे, मगमध्ये द्या.’’ पैसे दिल्यावर सांगितलंत तर तोवर कपावर नाव लिहून झालेलं असतं.

आणि मॅनेजरला भेटायला जाल तर दुपारी तीनच्या सुमारास जा.

खतवही

सगळ्यांचे मनापासून आभार. सुकाताई, तुमचं उत्तर छापून लिफ्टशेजारी लावलं आहे. तुमचं नाव घातलेलं नाही.

आमचं असं ठरलं: आजपासून कप ओल्यात नाही. उरलेली कॉफी सिंकमध्ये ओतून कप आणि झाकण तळमजल्यावरच्या वेगळ्या डब्यात. त्या डब्याचं पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि तसंच लिहून ठेवलं आहे. शनिवारी तीन वाजता आम्ही पाच जण तो डबा घेऊन दुकानात जाणार आहोत. बरोबर वही आणि जाळीच्या पिशवीचे फोटो. दोन गोष्टी विचारायच्या: तुम्ही हे परत घेऊन योग्य प्रकल्पात पाठवाल का, आणि बसणाऱ्याला आधी मग देऊन बघाल का. मावशींनाही चला म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘मी येते, पण बोलणार नाही, फक्त दाखवीन.’’ वेचलेले पापुद्रे त्यांनी एका श्रीखंडाच्या डब्यात साठवून ठेवले आहेत.

उरलेले तुकडे १० मेच्या संध्याकाळी हौद ४ मध्ये पुन्हा पुरले. ८ ऑगस्टला आणखी ९० दिवस होतील. तेव्हा आकडे इथेच लिहीन.

पुठ्ठेवाला

झाकणं अख्खी पुरली असतील तर त्यातली निम्मी काढून नखाएवढी कापा आणि वेगळ्या जाळीत घाला. मी भोसरीहून तुम्हाला पॉलिथिलीनच्या कोटिंगचे सहा कप पाठवतो, तेही शेजारी पुरा. तुलना त्यांच्याशी झाली पाहिजे, वर्तमानपत्राशी नाही.