अनुभव धागा: कोकणातल्या गाडीवर तुम्ही कोकण खाल्लंत का?

तिरफळ

मे महिन्यात आठ दिवस रत्नागिरीला होतो. एका संध्याकाळी पोरांना म्हटलं, आज घरी जेवायचं नाही, मांडवीला जाऊन गाड्यांवर खाऊ. जेटीवर फेरी मारली आणि खायला सुरुवात केली. पाणीपुरी, शेवपुरी, फ्रँकी, मंचुरियन, गोळा, चार पावलांवर पुन्हा मंचुरियन. धाकटी म्हणाली, "बाबा, हे सगळं डोंबिवलीला पण मिळतं की." मला उत्तर सुचलं नाही. भरती आलेली, वारा छान सुटलेला आणि माझ्या हातात शेजवान चटणी.

मुंबईत खाऊगल्ल्या पालथ्या घालण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. कुठल्या स्टेशनबाहेर काय आणि किती वाजता खावं हे झोपेतून उठवलंत तरी सांगेन. गावी मात्र घावणे आईच्या हातचे, आंबोळ्या मावशीकडच्या आणि मासे खानावळीत. रस्त्यावर उभं राहून खायचं असं कोकणाचं स्वतःचं काही आहे की नाही?

म्हणून हा धागा. स्वतः खाल्लेलंच लिहा. हॉटेलं, रिसॉर्ट आणि घरगुती खानावळी नकोत, त्यांचं कौतुक खूप झालंय. चाकं हवीत, नाहीतर टपरी, तेही नसेल तर निदान ताडपत्री. डहाणूपासून बांद्यापर्यंत कुठलंही चालेल. मुंबईही कोकणातच येते हे मान्य, तेव्हा मुंबईकरांनी रुसू नये.

डबलबेल

31 वर्षं एसटीत वाहक होतो, त्यातली बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यात. तिरफळ, तुमची वेळ चुकली. संध्याकाळच्या गाड्या हवा खायला आलेल्यांच्या. कोकणातलं रस्त्यावरचं खाणं बघायचं तर सकाळी सहा ते नऊ. त्यानंतर कढई उतरते.

मुक्कामी गाडी असली की आम्ही ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपायचो. पहाटे साडेपाचला पहिली फेरी. तालुक्याच्या स्टँडवर आलो की बाहेरच्या टपरीत उसळ उकळत असायची. पांढरे वाटाणे, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, वर तर्री अशी काही नाही, पण घशाखाली उतरताना कळायचं. त्यात बटाटेवडा बुडवून द्यायचा. रस्सा दुसऱ्यांदा मागितलात तर फुकट. तिसऱ्यांदा मागितलात तर मालक नुसता बघायचा.

बाजारची कोळीण, शाळेचा मास्तर, कोर्टाच्या तारखेला निघालेला शेतकरी, सगळे एकाच बाकड्यावर. नऊला भांडं खाली. उरलं तर? उरत नसेच.

आता मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आलं. कितीतरी टपऱ्या रुंदीकरणात गेल्या, आणि जिथे राहिल्या तिथे गाड्या वरच्या पुलावरून निघून जातात. खालच्या वडेवाल्याला कोण विचारतो.

कुडाळचो

तिरफळानु, तुमी मे म्हयन्यात इलास थंयच घोटाळो. किनाऱ्यावरची गाडी पाव्हण्यांसाठी आसता, आमच्यासाठी नाय. आमचा खाणा बघूचा तर जत्रेक येवा. देवळाभोवती खाज्याची दुकानां मांडलेली आसतत, परातीत खाज्याचो डोंगर. बेसनाच्या कांड्ये तळतत आणि आला घातलेल्या गुळात घोळवतत. बाजूक शेंगदाण्याचे लाडू, कुरमुऱ्याचे लाडू. रात्री दशावतार उभो रवलो की खरी मजा. रंगमंचावर राक्षस वरडता, आणि आमी पाठी कांदाभजी नि चाय घेवन उभे. आंगणेवाडीची जत्रा तर म्हायतच आसतली. तिची तारीख पंचांगात गावाची नाय, देवीचो कौल झालो की मगे ठरता. मुंबैसून रेल्वे भरान माणसां येतत. थंय मंचुरियन नाय काय? आसा. पण पयली रांग खाज्याकच.

आल्याची वडी

कुडाळच्या दादांना अनुमोदन. फक्त दातांची कामं जत्रेआधी उरकून घ्या. गेल्या वर्षी माझी कॅप खाज्यातच राहिली. गुळाच्या रंगाची असल्यामुळे सापडली नाही.

बिडाचा तवा

प्रश्न "का मिळत नाही" असा असेल तर उत्तर माझ्याकडे आहे. ते मी साडेतीन लाख रुपये मोजून विकत घेतलंय.

2021मध्ये आम्ही दोघं मुंबईच्या नोकऱ्या सोडून गावी आलो. जुना छोटा टेम्पो घेतला, मागचा हौदा कापून ओटा बसवला, एका बाजूला वर उघडणारी झडप केली आणि मालवणजवळच्या तारकर्लीच्या रस्त्याला उभे राहिलो. पाटीवर घावणे-चटणी, आंबोळी-काळ्या वाटाण्याची उसळ, तळलेला बांगडा आणि सोलकढी. मॅगी ठेवायची नाही असं ठरवलं होतं. माझा हट्ट.

घावण्याला तवा सणसणीत तापलेला लागतो. दुपारनंतर खारा वारा सुटला की शेगडीची ज्योत आडवी होते, तवा एका बाजूने तापतो आणि दुसऱ्या बाजूने थंड. उलटायला गेलं की अर्धं घावण तव्यालाच. पत्र्याचा आडोसा केला, तर आत आम्हीच भाजून निघालो. बरं, एका घावण्याला दोन मिनिटं. आठ जणांचं कुटुंब येतं, प्रत्येकाला दोन हवीत. सोळा घावणी म्हणजे अर्ध्या तासावर वेळ. तेवढ्यात शेजारच्या गाडीवरून चाळीस वडापाव गेलेले असतात. आधी करून ठेवावीत तर चामडं होतं. घावण तव्यावरून थेट पानात पडलं तरच घावण.

मग नारळ. ओल्या खोबऱ्याची चटणी सकाळी वाटली की मे महिन्यातल्या उकाड्यात दुपारी नाकाला कळायला लागते. वडापावची चटणी सुक्या खोबऱ्याची, डब्यात आठवडाभर राहते. माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. आपलं निम्मं जेवण ओल्या नारळावर, आणि ओला नारळ गाडीवर उभा राहत नाही. सोलकढी तर दोनदा फुटली. शेवटी नारळाचं दूध बर्फाच्या पेटीत आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, बाटलीत असं वेगळं ठेवून ग्लासागणिक मिसळायला लागलो. तिसरं दुखणं माशाचं. बांगड्याचा भाव रोज निराळा, त्यामुळे पाटीवर खडूने लिहायचा, आणि गिऱ्हाईक म्हणणार, "परवा तर ऐंशीला दिलात!" 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. पण तोवर पावसाने आम्हालाही बंदच केलेलं असतं.

खाद्यपदार्थांच्या नोंदणीला त्रास झाला नाही, आमच्यासारख्या लहान धंद्याला तेव्हा वर्षाला 100 रुपये होते. त्रास जागेचा. पथविक्रेत्यांचा 2014चा कायदा आहे, पण तो नगरपालिका-नगरपंचायतींच्या हद्दीसाठी, आणि आम्ही ग्रामपंचायतीत. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे. तिथल्या साहेबांनी विचारलं, "ही गाडी आहे की दुकान, ते आधी ठरवा." आम्ही म्हटलं, साहेब, चालू झाली तर गाडी, नाहीतर दुकान. ते हसले नाहीत. आणि खाऱ्या हवेचं काय सांगू, दुसऱ्या पावसाळ्यात मागचा पत्रा बोटाने दाबला तर पापडासारखा मोडला.

आता आमच्या पाटीवर मॅगी आहे. लिहायला लाज वाटत नाही. मॅगीच्या पैशावर घावणे चालतात, फक्त शनिवार-रविवार, सकाळी सात ते दहा. डबलबेल काकांनी लिहिलेली वेळ आम्हाला दोन वर्षांनी कळली. सकाळी वारा पडलेला असतो हो. एवढंच.

खारावारा

दापोलीला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. हर्णैला संध्याकाळी लिलाव असायचा. होड्या बाहेर नांगरलेल्या, मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या थेट पाण्यात शिरलेल्या. आम्ही चार पोरं दोनशे रुपये घेऊन लिलावात उभे! बोली कळेना, हात वर करायची भीती. शेवटी एका मावशींकडे कोळंबीचा वाटा बघितला. त्यांनीच हात धरला. "तो नको, सकाळचा हाय. ह्यो घे." त्यांनी साफ करून दिला. शेजारी ताडपत्रीखाली दुसऱ्या मावशी स्टोव्ह लावून बसलेल्या, त्यांनी तळून दिला. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं पाणी आणि तांदळाचं पीठ. मी विचारलं, रवा नाही लावत? म्हणाल्या, "रवा लावला की मासा लपतो. ज्याचा मासा शिळा, त्यानं रवा लावावा."

तेव्हापासून हॉटेलात रव्याचा जाड थर दिसला की मला त्या मावशी आठवतात. बहुधा अन्याय होत असेल हॉटेलवाल्यांवर. होऊ दे.

चाळीतला

गिरगावातून. आजोळ राजापूर. मंचुरियनला खुशाल नावं ठेवा, पण वडापावला "बाहेरचा" म्हणू नका. दादर स्टेशनबाहेर 1966च्या सुमारास अशोक वैद्यांच्या गाडीवर तो सुरू झाला असं सांगतात. पण तो घराघरांत कसा शिरला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982ला लागला तेव्हा मी आठवीत होतो. आमच्या मजल्यावरचे एक काका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. गणपतीपर्यंत वाट बघितली, मग काकूंचं डोरलं गहाण टाकून कढई आणि हातगाडी आणली. वडे काका तळायचे, चटणी काकू कुटायच्या. त्यातलं सुकं खोबरं त्यांच्या भावाने गावाहून एसटीने पाठवलेलं. गोणी आली की मजला वासाने भरायचा.

काका पुढे गावी परतले आणि तिठ्यावर तीच गाडी लावली. आता सांगा, तो वडापाव मुंबईचा की कोकणचा? बिडाचा तवा यांचं सुक्या खोबऱ्याचं वाचलं आणि काकूंचा खलबत्ता ऐकू आला.

प्रयोगशाळा

चिपळूणला अन्नतंत्रज्ञान शिकवतो, त्यामुळे धाग्यात मीठ टाकतोय, माफी असावी. तळणीचं तेल पुनःपुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, वाढतात. नियमाने ती 25 टक्क्यांपर्यंतच चालतात, त्यावर गेलं की तेल फेकायचं. गाडीसमोर उभं राहून टक्के कळत नाहीत, पण तेल काळं-दाट झालंय, तळताना फेस मावत नाही आणि धुराने डोळे चुरचुरताहेत, तर पुढची गाडी बघा. आणि वर्तमानपत्रात बांधलेली भजी नको म्हणा, शाई पोटात जाते. बाकी मीही खातोच.

भांबुर्डा

अलिबाग तालुका. आमच्याकडे डिसेंबर उजाडला की रस्त्याकडेला पोपटीच्या पाट्या लागतात. पूर्वी पोपटी विकायची गोष्टच नव्हती. शेतात, रात्री, मित्रांबरोबर आणि शक्यतो दुसऱ्याच्या वालाच्या शेंगा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, ओवा, जाडं मीठ, केळीच्या पानात मसाला लावलेली कोंबडी, अंडी, वर पुन्हा पाला दाबायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र करून लगेच उडालं की झाली.

आता मडक्यावर विकतात, फोनवर सांगून ठेवावं लागतं. मागच्या जानेवारीत पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन एकीकडे गेलो. मडकं आलं, फोडलं, वास काही येईना. पाला कोबीचा! विचारलं तर म्हणे भांबुर्डा संपला. अहो, तो बांधावर उगवतो, संपतो कसा? पाहुणे मात्र "व्वा, काय स्मोकी चव" करत होते. मी गप्प बसून शेंगा सोलल्या.

श्रावणी

शाकाहारी लोकांनी काय करायचं या धाग्यात? श्रीवर्धनला मे महिन्यात हातगाडीवरचे ताडगोळे खाल्ले, डझनभर, उभ्याउभ्या. रस कोपरापर्यंत ओघळला. झाला अनुभव.

सीमेवरची

बांद्याला राहते, गोवा हाकेवर. आमच्याकडे गाडी लागत नाही, सायकल येते. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला की पोरं पैसे घेऊन दारात. मागच्या टोपलीत गरम पाव, वर निळं प्लास्टिक. आमची "भाजीपाव" म्हणजे लोणी फासलेली, टोमॅटोने लाल झालेली पावभाजी नव्हे बरं का. पातळ भाजी किंवा उसळ, आणि बाजूला पाव, कधी मिरचीचं भजं. लग्न होऊन नवी आले तेव्हा स्टँडजवळच्या टपरीत पावभाजी मागितली आणि वाटाण्याची पातळ भाजी आली. मी म्हटलं, ही नाही, पावभाजी. टपरीवाले आजोबा म्हणाले, "बाय, हो पाव, ही भाजी. आणि काय व्हया?" तेव्हा राग आला होता. आता मुंबईची बहीण आली की मी तिला तिथेच नेते आणि तिचं तोंड बघते.

तिरफळ

सगळ्यांना साष्टांग. डबलबेल काका, वेळेची चूक कबूल. बिडाचा तवा, गणपतीत गावी येतोय, मालवणला एक रात्र नक्की काढतो. रविवारी सकाळी घावणे मिळतील का? आम्ही सहा जण.

बिडाचा तवा

गणपतीत रविवारी आम्ही आमच्याच घरी आरतीला असतो. त्यानंतरच्या शनिवारी या. सहा जण म्हणजे साडेसहाला या, सातला नको. सातला डायव्हिंगवाल्यांची गाडी येते आणि ती सगळी पोरं घावणेच मागतात आता. येताना एक चांगला नारळ आणलात तर चटणीचे पैसे घेणार नाही.