'मूदांग'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'जादू'चं काय करू?

खडीसाखर: एका कोरियन माहितीपटाचं निवेदन मराठीत आणते आहे, इंग्रजीवरून. तिथे तीन ठिकाणी 'मॅजिक' आहे आणि मी तिन्ही ठिकाणी अडकले आहे. पहिलं: ह्वांगहे प्रांताच्या परंपरेतली मूदांग, म्हणजे देवाचे विधी करणारी बाई, 'गूत' नावाच्या विधीत दोन धारदार पात्यांवर अनवाणी उभी राहते. दुसरं: तोक्केबी नावाचं भूत. त्याची टोपी घातली की माणूस दिसेनासा होतो, सोटा आपटला की हवं ते मिळतं. तिसरं: 2018 साली बुसानला झालेली जादूगरांची जागतिक स्पर्धा. पहिल्या जागी मी 'मांत्रिक बाईची जादू' लिहिलं होतं. संपादकांनी खोडून 'चेटकिणीची करणी' केलं. मला दोन्ही नकोत. सुचवा.

जुनीवही: करणी?! करणी दुसऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून करतात हो. मांत्रिकही नको. मांत्रिक भूत बाहेर काढतो, ही बाई देव अंगावर घेते. सरळ 'देवरुषीण' लिहा.

सह्यकडा: देवरुषी दाणे टाकून 'कुणाचं लागलंय' ते सांगतो. पात्यावर उभा राहिलेला देवरुषी मी तरी पाहिला नाही.

खडीसाखर: तांदूळ नि नाणी टाकून बघणं मूदांगही करते. पण देवरुषीण म्हटलं की उतारा आणि लिंबू डोळ्यांसमोर येतं. इथे ढोल, झांजा, रंगीत झगे, गाणी, नाच, रात्रभर चाललेला मोठा सोहळा आहे.

तळकोकण: मग गोंधळ की! नाहीतर आमच्याकडचा 'अवसार'. तरंग म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्या निघतात, अवसार येतो, देव बोलतो, गाव हात जोडून ऐकतो. गोव्यात 'भार' म्हणतात. पात्यांवर उभी राहून ती बाई बोलते का काही?

हाननदीकाठ: बोलते. त्या बोलण्याला 'गोंगसू' म्हणतात, म्हणजे देवाचं म्हणणं तिच्या तोंडून. सोलमध्ये राहतो म्हणून आणखी दोन गोष्टी. एक, 'मूदांग' हा शब्द तोंडावर वापरला तर हलका वाटतो, मानाने 'मानशिन' म्हणतात. दोन, सगळ्यांच्या अंगात येत नाही. उत्तरेकडच्या परंपरेत आधी 'शिनब्यंग' होतो, म्हणजे देवाने लावलेलं आजारपण, मग दीक्षेचा गूत. दक्षिणेकडे, जल्ला भागात, हे घराण्यातून चालत येतं. तिथे गाणं, नाच, विधी शिकावे लागतात, झपाटणं नाही. जिंदो बेटावरचा मृतात्म्याला धुऊन शुद्ध करण्याचा विधी त्यातलाच. जेजू बेटावर तर शब्दच वेगळा, 'शिंबांग'.

जुनीवही: म्हणजे दक्षिणेकडे गुरव, उत्तरेकडे झाड, म्हणजे अंगात येणारं माणूस. झालं!

सह्यकडा: काही झालं नाही. गुरव कुठून आला मध्येच? उद्या पोतराजही आणाल. परक्याचा शब्द तसाच ठेवा: मूदांग. सामुराईला आपण 'क्षत्रिय' म्हणतो का?

तळकोकण: सामुराई लोकांना माहीत आहे. मूदांग ऐकून माझी आई विचारेल, मृदंग का?

तिखटमीठ: निदान 'जादूटोणा' तरी कुठेही घालू नका. 2013 च्या कायद्यानंतर तो शब्द थेट पोलीसचौकीत जाऊन बसलाय.

हाननदीकाठ: तिकडेही तो काळ होऊन गेला. 1970 च्या दशकात ग्रामसुधारणेच्या मोहिमेत अंधश्रद्धा म्हणून गावोगावची देवस्थानं पाडली, विधी बंद पाडले. आणि 1985 साली किम गुम-ह्वा या मानशिनबाईंना सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गूतसाठी राष्ट्रीय वारसा-धारक ठरवलं. 2019 साली त्या गेल्या. ज्यांच्या विधीला एकेकाळी पोलीस यायचे त्यांना निवेदनात 'चेटकीण' म्हणणं मला तरी पटत नाही.

जुनीवही: हे मान्य. संपादकांना हे असंच पाठवा.

खडीसाखर: पाठवते. पण बाकीच्या दोन जागा?

तळकोकण: तोक्केबी म्हणजे आमचा गिऱ्हाच! माणसाला चकवतो, थट्टा करतो, खूश झाला तर धनही देतो.

हाननदीकाठ: बराचसा. मात्र हा कुस्तीला बोलावतो, आणि कुट्टूच्या पिठाच्या वड्या त्याला फार आवडतात. जुना केरसुणा टाकून दिला तर त्याचाही तोक्केबी होतो म्हणतात.

तिखटमीठ: केरसुणी. आणि ती लक्ष्मी असते, भूत नव्हे :)

सह्यकडा: तिसरीला 'गारुड' वापरा. मूळ गरुडावरून, सापाचं विष उतरवणारा तो गारुडी. नाथांच्या भारुडात आहे. 'जादू' फारसीतून आलेला, कशाला हवा?

तिखटमीठ: बुसानच्या रंगमंचावर सूटबूट घालून पत्ते गायब करणारा गारुडी? त्याच्या टोपलीत साप दाखवा मग. हातचलाखी म्हणा.

हाननदीकाठ: त्यांच्याकडेही दोन शब्द आहेत. रंगमंचावरची ती 'मासुल', गोष्टीतली ती 'योसुल'. जुने नामसादांग, म्हणजे फिरते खेळवाले, खेळ करायचे, त्यांच्यात हातचलाखीला 'ऑल्लुन' म्हणत. त्या शब्दाचा रोजचा अर्थ 'चटकन'.

तळकोकण: वा! आपल्याकडे 'झटपट' नावाचा खेळ असता तर!

जुनीवही: एक राहिलंच. खडीसाखर, तुम्ही वर 'जादूगर' लिहिलंय. मराठीत जादूगार. जादूगर हिंदी.

खडीसाखर: मूळ फारसी प्रत्यय 'गर'च आहे. सौदागर, कारीगर चालतात ना?

जुनीवही: चालतात. पण आमच्या लहानपणी फलकावर 'जादूगार रघुवीर' असंच असायचं.

सह्यकडा: कामगार, गुन्हेगार, जादूगार. ओळीने म्हणून बघा, कानाला कळेल.

तिखटमीठ: गुन्हेगारमधला 'गार' वेगळा प्रत्यय आहे, सह्यकडा. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.