मदत हवी आहे: कॉन्सर्टची जुनी तिकिटं पुसट होत चालली आहेत

मंडळी, जुने कागद नीट जपून फ्रेम करून देणारं कोणी नागपुरात आहे का?

रॉक कॉन्सर्टची तिकिटं, मनगटी पट्टे, पोस्टर, एक टी-शर्ट असं बरंच काही जमवलंय. 2007 ला आयर्न मेडन, 2011 ला मेटालिका, दोन्ही बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. मेटालिकाचा पहिला ठोका पडला तेव्हा छातीत धडधड झाली होती, ती अजून आठवते. आपल्या नागपुरात असे बँड येत नाहीत, म्हणून हे कागद मला जिवापाड प्रिय आहेत.

अडचण थर्मल कागदाच्या तिकिटांची आहे. त्यांवर शाई नसते, उष्णतेने उमटलेली अक्षरं असतात. ऊन-उकाड्यात ती उडतात, आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. एका तिकिटावर बारकोड दिसतो, पण बँडचं नाव तिरकं धरल्याशिवाय वाचता येत नाही. लॅमिनेशन कृपया सुचवू नका, त्या उष्णतेने असा कागद काळा पडतो. सगळं स्कॅन करून ठेवलंय, पण मूळ कागद तो मूळच.

आम्ल नसलेला कागद आणि अतिनील किरणं अडवणारी काच सीताबर्डी, इतवारी किंवा धरमपेठेत कुठे मिळेल? टी-शर्टच्या छपाईला गळ्याजवळ भेगा पडल्यात, तो घडी घालून ठेवावा की सपाट?

शिवाय या सगळ्याचं छोटं प्रदर्शन भरवायची फार इच्छा आहे. सिव्हिल लाइन्सच्या चिटणवीस सेंटरमध्ये कोणी प्रदर्शन मांडलं असेल तर भाड्याचा अंदाज द्या. तुमच्याकडची तिकिटंही मांडू.