प्रति: धडकलंच नाही तर लाटा कुठून?
'तौक्ते चक्रीवादळ मुंबईला धडकलंच नाही, मग एवढ्या लाटा कुठून आल्या,' हा वरचा प्रश्न रास्त आहे. पण लाटेची उंची नुसत्या वाऱ्याच्या वेगावर ठरत नाही. तो किती तास आणि किती लांबवर पाण्यावरून वाहतो, तेही बघावं लागतं. शिवाय आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणून पुढे सरकताना त्यांच्या उजव्या अंगाला वारा आणि लाटा जास्त. १७ मे २०२१ ला ते उत्तरेला, गुजरातकडे चाललं होतं आणि मुंबई नेमकी उजवीकडे.

आमच्या वरळी कोळीवाड्यात त्या दिवशी नांगरलेल्या होड्या एकमेकींवर आपटत होत्या. बाबा कमरेएवढ्या पाण्यात दोरखंड धरून उभे होते, तळहात सोलून निघाले. तरी आमच्या होडीच्या दोन फळ्या फुटल्याच.