दुष्काळातले कोठार आणि लशीचे पेटंट: संत बेसिल यांचा युक्तिवाद इथे लागू होतो का?

प्रश्न

चौथ्या शतकात कप्पदुकियातील कैसरिया (आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी) परिसरात भीषण दुष्काळ पडला असताना ख्रिस्ती धर्मगुरू संत बेसिल यांनी बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील धनवान मूर्खाच्या, म्हणजे भरघोस पीक साठवायला मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या श्रीमंताच्या दाखल्यावर प्रवचन दिले. तुम्ही साठवलेली भाकर भुकेल्याची आहे आणि पेटीत ठेवलेले वस्त्र उघड्याचे आहे, असे त्यांनी धनिकांना बजावले. नाट्यगृहात आधी पोहोचलेल्याने सर्वांची जागा स्वतःची समजून मागून येणाऱ्यांना अडवावे, तसे तुमचे वागणे आहे, असेही ते म्हणाले. 2 ऑक्टोबर 2020 रोजी भारत व दक्षिण आफ्रिका यांनी कोविडवरील लशी व औषधांपुरते बौद्धिक संपदा हक्क स्थगित करावेत, असा प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेत मांडला. बेसिल यांचा युक्तिवाद या प्रस्तावाच्या बाजूने वापरता येईल का? धान्य जमिनीतून उगवते. लस मात्र कंपनीने पैसा आणि जोखीम घातल्याशिवाय तयारच झाली नसती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद 1

फरक खरा आहे, पण तो बेसिल यांची बाजू दुबळी करत नाही. धान्य दुसऱ्याला दिले की आपल्या कोठारात तेवढे कमी होते. लस बनवण्याची रीत दुसऱ्याला शिकवली म्हणून आपल्याकडची रीत संपत नाही. शिवाय बेसिल धनिकाला पहिला प्रश्न हाच विचारतात, की तुझ्याजवळ आहे ते मुळात आले कुठून? लशींच्या बाबतीत उत्तराचा मोठा भाग सार्वजनिक तिजोरीकडे बोट दाखवतो. जर्मन सरकारने बायोएनटेकला 37.5 कोटी युरो मंजूर केले होते आणि मॉडर्नाची लस तर अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेच्या सहभागानेच घडली.

त्या प्रवचनातील एक प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरात काहीच उरले नाही म्हणून एक बाप पोटच्या मुलाला विकायला निघतो. थोरल्याला न्यावे की धाकट्याला, हे त्याला ठरवता येत नाही, कारण कोणालाही नेले तरी काळीज फाटणारच. आणि समोरचा धनिक त्याही वेळी कमी देऊन जास्त कसे मिळेल, या हिशेबाने घासाघीस करतो. बेसिल यांचा संताप मालकीपेक्षा या घासाघिशीवर अधिक आहे. जीवरक्षक औषधाच्या किमतीची चर्चा मी याच नजरेने करीन.

प्रतिसाद 2

भावना मान्य करूनही मला दोन हरकती नोंदवाव्याशा वाटतात. पहिली अशी की अडसर केवळ पेटंटचा नव्हता. महामारीच्या काळात आपण पेटंट बजावणार नाही, असे मॉडर्नाने ऑक्टोबर 2020 मध्येच जाहीर केले होते. तरीही केप टाउनमधील शास्त्रज्ञांना कंपनीच्या मदतीवाचून तशी लस प्रयोगशाळेत बनवायला 2022 उजाडावे लागले. उलट पुण्यात कोव्हिशील्डचे उत्पादन लवकर सुरू झाले, कारण तिथे करार करून तंत्र हातात हात घेऊन शिकवले गेले. जून 2022 मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेचा जो निर्णय झाला तो मुख्यतः लशींच्या पेटंटपुरता आणि पाच वर्षांपुरता होता. ज्ञान हस्तांतराचा प्रश्न त्याने सुटला नाही.

दुसरी हरकत नीतिशास्त्राची आहे. बेसिल यांचे मित्र, नाझियान्झसचे ग्रेगरी, यांनी बेसिल यांच्या स्मृतिपर भाषणात सांगितले आहे, की बेसिल यांनी श्रीमंतांची कोठारे शब्दांनी आणि विनवणीने उघडली, आणि मग कढया मांडून भुकेल्यांना जेवू घातले. मन वळवणाऱ्याचा आधार घेऊन सक्तीचे समर्थन करणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद 3

वरील दुसऱ्या हरकतीशी मी सहमत नाही. बेसिल केवळ विनवणीवर थांबणारे नव्हते. टॉरस पर्वतातील लोकांवरचा लोखंडाचा कर हलका करावा म्हणून त्यांनी प्रिफेक्ट (रोमन सम्राटाचे वरिष्ठ अधिकारी) मोडेस्टस यांना पत्र लिहिले होते. सत्तेने दुर्बलांच्या बाजूने नियम बदलावा, ही अपेक्षा त्यांना परकी नव्हती. सक्ती म्हणजे लूटच असते असेही नाही. मार्च 2012 मध्ये मुंबईत पेटंट नियंत्रकांनी बायरच्या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीवाचून औषध बनवण्याची परवानगी) दिला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजारांवरून 8,880 रुपयांवर आला आणि मूळ कंपनीला 6 टक्के स्वामित्वशुल्कही ठरवून दिले गेले. या व्यवस्थेत कंपनीचा मोबदला राहतो, फक्त टंचाईचा भाव जातो.

मात्र हाच निकष आपल्यालाही लावला पाहिजे. 2021 च्या वसंतात दुसरी लाट आली तेव्हा भारताने लशींची निर्यात जवळजवळ थांबवली आणि कोव्हॅक्स या लशींच्या जागतिक वाटप उपक्रमामार्फत पुण्याच्या कुप्यांची वाट पाहणारे आफ्रिकी देश ताटकळले. आपल्याकडे प्राणवायूसाठी रांगा लागलेल्या असताना घेतलेल्या त्या निर्णयाला मी सरसकट दोष देणार नाही. पण लाट ओसरल्यावरही निर्यात कित्येक महिने बंद राहिली, याचे समर्थन मला सापडत नाही. बेसिल यांचे बंधू, न्यिसाचे ग्रेगरी, लिहितात की त्या दुष्काळात बेसिल यांनी यहुद्यांच्या मुलांनाही इतरांच्या बरोबरीने अन्न दिले. ज्या प्रस्तावावर आपल्या देशाची सही होती, त्याच्या बाजूने बोलताना आपण हा भाग गाळू नये.