पायकॅश फोल्डर: बंदच करावं की असू द्यावं?

पार्लेकर
अंधेरीच्या आमच्या टीममध्ये यावरून रोज जुंपते, म्हणून धागा काढला. माझं मत: कोड लिहायच्या मशीनवर पायथनला बाइटकोड (पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून पायकॅश फोल्डरात ठेवलेलं कोडचं कंपाइल केलेलं रूप) साठवूच देऊ नये. 'पायथनडोन्टराइटबाइटकोड' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एकवर ठेवा, विषय संपला. ग्रेपने फाइलींत शब्द शोधावा तर मध्येच 'बायनरी फाइल मॅचेस', झिप पाठवावी तर त्यातही हा कचरा.

ठाकुर्लीचा बंडू
संपला कसा, साहेब? पूर्वी प्रत्येक फाइलशेजारी एकेक पीवायसी (बाइटकोडची फाइल) पडायची. २०११ मध्ये पायथन ३.२ आलं आणि सगळ्या एका फोल्डरात गेल्या. गिटइग्नोरमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने काय सोडायचं त्या यादीत) एक ओळ टाका की झालं. कॅश बंद केलीत तर दर वेळी अख्खी जँगो लायब्ररी नव्याने कंपाइल होणार, त्याचं काय?

पार्लेकर
नाही होत. बंदी लिहायला आहे, वाचायला नाही. लायब्ऱ्यांचं बाइटकोड पिप (पायथनचा इन्स्टॉलर) त्या इन्स्टॉल करतानाच बनवून ठेवतं. उरतो आपला कोड, तो केवढासा!

मीरा रोड
पार्लेकरांना माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. ब्रँच (कोडची शाखा) बदलली की गिट आपल्या फाइली उचलतं, इग्नोर केलेलं पायकॅश मात्र तिथेच राहतं, म्हणून फोल्डरही राहतं. ३.३ पासून इनिट फाइल (फोल्डर पॅकेज आहे हे सांगणारी) नसलेलं फोल्डरही पॅकेज म्हणून खपतं. त्यामुळे नव्या ब्रँचवर उडवलेलं, समजा, 'बिलिंग' पॅकेज बिनबोभाट इम्पोर्ट होतं आणि त्यातलं काही मागितलं की एरर येते 'अननोन लोकेशन'. बसा शोधत!

ठाकुर्लीचा बंडू
हे मान्य. पण त्याला गिट क्लीन ही उरलेल्या फाइली उडवायची कमांड आहे ना.

मीरा रोड
आहे की. इग्नोर केलेलंही उडवायला मायनस एफडीएक्स मारलं की पायकॅशबरोबर पासवर्डांची डॉट ईएनव्ही फाइलही साफ. मग पासवर्ड मागत फिरा दारोदार.

चेंबूरची
भांडता कशाला? ३.८ पासून 'पायथनपायकॅशप्रीफिक्स' हा व्हेरिएबल आहे. त्यात एक फोल्डर द्या, सगळी कॅश तिथे जाते. प्रोजेक्ट स्वच्छ, वेगही शाबूत. फक्त प्रोजेक्टमधली आणि लायब्ऱ्यांमधली आधीची पायकॅश मग पायथन बघतही नाही, त्यामुळे पहिल्यांदा सगळं पुन्हा कंपाइल होतं. तेवढं सोसा.

ठाकुर्लीचा बंडू
ताई, उपाय झकास. पण सोमवारी जॉइन होणाऱ्या पोराच्या लॅपटॉपवर हे सेट कोण करणार? गिटइग्नोर रेपोबरोबर (गिटमधल्या प्रोजेक्टबरोबर) येतं, तुमचा व्हेरिएबल नाही येत. आणि शेलमध्ये सेट केलेला एडिटरला दिसेलच असंही नाही.

चेंबूरची
सेटअपच्या स्क्रिप्टमध्ये टाका. नाहीतरी ती पहिल्याच दिवशी चालवायला लावता ना त्याला?

ठाकुर्लीचा बंडू
आमच्याकडे स्क्रिप्ट असती तर इथे कशाला आलो असतो!