मदत हवी आहे : नाशिकजवळ डोंगरातले सायकलचे रस्ते (डांबरी नको!)

सिडकोकर_४२२
नमस्कार मंडळी. त्र्यंबकच्या बाजूला माउंटन बाईकसाठी चांगले कच्चे रस्ते सुचवा. रविवारी निघायचंय, म्हणून जरा लवकर. गूगल मॅप सांगू नका, त्यानेच मागच्या रविवारी पार वाट लावली.

पेठरोडकर
किती किलोमीटर? एकटे की ग्रुप? सायकल कोणती? घरापासून चालवत जाणार की गाडीवर टाकून? त्र्यंबक म्हणजे नाशिकहून २८ किमी डांबर आधीच झालं.

घाटवेडा
नांदुरीहून सप्तशृंगी गड चढा, दम निघेल. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, ती काय चिखलात लोळून नाही. पाय डांबरावरच तयार होतात.

सिडकोकर_४२२
धन्यवाद, पण शीर्षक वाचलंत का?

किल्लेदार
सरळ अंजनेरी. वनखात्याच्या चौकीपर्यंत रस्ता आहे, पुढे सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या चढा. वरचं पठार एकदम मोकळं.

रानजाई
कृपा करून असले सल्ले देऊ नका. अंजनेरी संवर्धन राखीव आहे. सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाच्या नावातच अंजनेरी आहे. कातळावरच्या बोटभर मातीत ते पावसाळ्यातच वर येतं, आणि तुम्ही त्यावर टायर फिरवायला सांगताय.

किल्लेदार
एवढी पब्लिक चपला-बूट घालून फिरते ते चालतं, एका सायकलने काय होतं?

रानजाई
त्यांनीही पायवाट सोडू नये. झालं समाधान?

पेठरोडकर
तुमचं चालू द्या. सिडकोकर, मागच्या रविवारी नक्की काय झालं ते तर सांगा.

सिडकोकर_४२२
गिरणाऱ्याच्या पुढे, वाघेऱ्याच्या अलीकडे, मॅपवर एक बारीक रेघ दिसली, ती धरली. पहिले दोन किमी मुरूम, झकास. मग चिखल. मागचं चाक फिरेचना. काटकीने खरवडायचं, दहा पावलं ढकलायचं, परत गच्च. शेवटी वाट थेट भाताच्या खाचरात जाऊन संपली. आवणी (भाताची लावणी) चालली होती. प्लास्टिकचा घोंगता घेतलेल्या एक आजी वाकलेल्या तशाच म्हणाल्या, "ही वाट बैलांची, बाबा. आता बैल बी येत नाय." सायकल खांद्यावर घेऊन दीड तास चालत आलो. एकटाच होतो.

ओझरचा_भाऊ
इ-बाइक घ्या. मी घेतली, आता चढ कळतच नाही.

पेठरोडकर
भाऊ, वीस-बावीस किलोचं ते धूड खाचरातून खांद्यावर घेऊन दाखवा, मग बोलू.

सॅडलवरून
स्ट्रावा या सायकल नोंदवायच्या अ‍ॅपचा हीटमॅप उघडा. जिथे रेघ चमकते तिथे लोक जातात. एवढं सोपं आहे.

पेठरोडकर
तिथे चमकतो तो त्र्यंबक रोड. पाड्यावरचा माणूस स्ट्रावा लावून बाजाराला जात नाही. मी असं करतो: गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं बघता येतात, त्यातलं एप्रिल-मेचं काढायचं. गवत वाळलेलं असतं, सगळं उघडं दिसतं. एकसारख्या रुंदीची, उताराला वळसा घालत जाणारी रेघ म्हणजे गाडीरस्ता. दर चाळीस-पन्नास पावलांवर काटकोनात मोडणारी रेघ म्हणजे खाचराचा बांध. तुम्ही बहुतेक हीच धरलीत.

मग सर्व्हे ऑफ इंडियाचं १:५०,००० चं नकाशाचं शीट. त्यावर एक सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटर उंची. वाटेच्या एका सेंटीमीटरात पाच रेषा ओलांडल्या की १०० मीटर चढ, म्हणजे २० टक्के. ओल्या मुरमावर हे ढकलतच न्यावं लागतं.

घाटवेडा
सायकल चालवायची की तलाठ्याची परीक्षा द्यायची?

पेठरोडकर
दीड तास खांद्यावर वाहण्यापेक्षा अर्धा तास नकाशा बरा. आणि गावात "रस्ता आहे का" असं कधी विचारू नका, माणसं चालत जातात, "आहे" म्हणणारच. "पावसाळ्यात पिकअप जाते का?" असं विचारा. जाते म्हणाले तर खाली मुरूम किंवा खडी आहे. रविवारी पहिने नकोच, धबधब्यांची गर्दी. वाघेरा-हरसूलच्या बाजूलाच राहा, पण भातशेतीत न उतरता वरच्या माळाच्या अंगाने पाडे जोडत जा. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहत असेल तर परत फिरा. आणि एकटे जाऊ नका. आता तरी सांगा, सायकल कोणती?

सिडकोकर_४२२
साधीच आहे हो, २१ गिअरची, पुढे शॉक. टायर जाड आहेत.

रानजाई
मडगार्ड आहेत का?

सिडकोकर_४२२
हो, दोन्हीकडे. पत्र्याचे. दुकानदाराने फुकट बसवून दिले होते. का?

रानजाई
टायर आणि पत्र्यात बोट तरी जातं का बघा.

पेठरोडकर
अरे देवा. म्हणून चाक फिरेना!

सिडकोकर_४२२
बोट काय, करंगळीही जात नाही. आतमध्ये त्या खाचराची माती अजून सुकून बसली आहे. पाना घेऊन बसलोय. एक बोल्ट पार गंजलाय, त्यावर काय टाकू?

ओझरचा_भाऊ
खोबरेल तेल. रात्रभर ठेवा. पण इ-बाइकचं डोक्यात असू द्या.